वाटूर फाट्यावरचं अभिनंदन

सिनेमात खून करणं सोपं असतं. तो कुणी केला हे कुंभार पिंपळगावात लपवून ठेवणं महाकठीण. कल्याणला ही गोष्ट आधीच कुणीतरी कानात सांगायला पाहिजे होती. पण सांगणार कोण? अर्धं गाव त्याच्या सिनेमात कामाला होतं आणि उरलेलं अर्धं शूटिंग बघायला.

कल्याण म्हणजे लग्नाचा शूटिंगवाला. पंचक्रोशीतल्या हळदी, अक्षता, पाठवण्या, सगळ्या त्याच्या कॅमेऱ्यातून गेलेल्या. त्याच कॅमेऱ्यावर त्यानं 'थ्री फेज' नावाचा खुनाचा सिनेमा काढला. बियाण्यांचा एक दुकानदार शेतातल्या विहिरीवर मोटारीचा शॉक लागून मरतो, नेमका शेतीची लाईट यायच्या वेळेला. पोलीस त्याच्या भावावर, भागीदारावर, गावच्या वायरमनवर संशय घेत फिरतात आणि दमले की दुकानदाराच्या म्हाताऱ्या चुलतीच्या ओट्यावर चहाला टेकतात. ती म्हातारी कपबशा मांडते, साखर विचारते आणि सगळा तपास कान देऊन ऐकते. कारण खून तिनंच केलेला असतो. विहिरीतला तिचा हिस्सा पुतण्यानं गोड बोलून लाटलेला असतो. हे अगदी शेवटी कळतं, आणि ते शेवटी कळण्यावरच सगळा सिनेमा उभा.

खर्च म्हणाल तर बेताचाच. पोलिसांचे ड्रेस शाळेच्या गॅदरिंगला भाड्यानं देणाऱ्याकडून आणलेले, एकाची पॅन्ट आखूड, दुसऱ्याची ढगळ. अंधारातल्या सीनला उजेड ट्रॅक्टरचा. मुडदा झाला कल्याणचा चुलतभाऊ रामप्रसाद. त्याची आई नंदाबाई शूटिंग संपलं की रोज त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकायची, कारण जित्या माणसाला पांढऱ्या चादरीखाली झोपवणं तिला काही केल्या पटेना. इन्स्पेक्टर झाला भारत, ज्याचं वाटूर फाट्यावर मोबाईलचं दुकान आहे. आणि चुलतीच्या कामाला ठरलेली पुण्याची बाई ऐन वेळी आलीच नाही, तेव्हा डबा घेऊन आलेल्या गोजरबाईंना, म्हणजे आपल्या मायलाच कल्याणनं ओट्यावर बसवलं.

"मला काय येतंय रे बाबा?" गोजरबाई म्हणाल्या.

"चहा तर येतो ना, माय? मंग झालं."

शेवटचा कबुलीचा सीन मात्र दार लावून काढला. आत तिघंच होती, कल्याण, भारत आणि माय. सीनचा कागद हातात देतानाच कल्याणनं दोघांना बेलभंडार उचलायला लावला होता, की खुनी कोण हे बाहेर बोलायचं न्हाई. दोघांनी उचलला.

रामराव, म्हणजे कल्याणचे अण्णा, तेवढे एका दिवसासाठीसुद्धा शूटिंगकडे फिरकले नाहीत. "लग्नाचं चांगलं काम सोडून हे काय खूळ घेतलं," असं एकदा ताटावर बसून म्हणाले आणि मग तो विषय त्यांनी काढलाच नाही. कल्याणला ते बोलणं काट्यासारखं रुतून बसलं होतं. कुणाला सांगत नव्हता, एवढंच.

जालन्याच्या टॉकीजमध्ये शुक्रवारी सिनेमा लागला. मालकानं आधीच सांगून ठेवलं होतं, रविवारपर्यंत गर्दी झाली तर बरं, नाहीतर सोमवारी दुसरा सिनेमा. त्यात मुंबईच्या एका वेबसाईटनं दीड स्टार देऊन लिहिलं, 'खून कुणी केला यापेक्षा कॅमेरा कुणी धरला हा प्रश्न जास्त छळतो.' गावात कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. मुंबईनं दखल घेतली म्हणून रामप्रसादनं ते व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावलं. कल्याणनं मात्र ते दोनदा वाचून मोबाईल बंद केला. आता सगळी भिस्त चिन्मयीवर होती.

चिन्मयी मूळची नवीन जालन्याचीच. पुण्यात राहून मोबाईलवर सिनेमाची परीक्षणं करायची, आणि लाखो लोक ती बघायचे. खुनाचा सिनेमा असला की तिची एक ठरलेली पैज असे. मध्यंतराला बाहेर यायचं, मोबाईल समोर धरायचा आणि खुनी कोण ते सांगून टाकायचं. बरोबर निघालं की सिनेमाला 'फुसका बार' असा शिक्का. भल्याभल्यांचे बार तिनं फुसके केले होते, आणि तो शिक्का बसला की थिएटरवाले फोन उचलत नसत. पण तिनं वाखाणलेला सिनेमा उचलायला मात्र पुण्यापर्यंतचे लोक तयार असत. माहेरी यायची होती म्हणून शनिवारी दुपारचा शो बघायला ती तयार झाली.

शनिवारी सकाळी कल्याण टॉकीजच्या दारात पोस्टर ताणून बांधत होता, तेवढ्यात तिचाच फोन आला.

"कल्याण, मी परभणीचं काम उरकून निघालेय. वाटूर फाट्यावर चहा घेते आणि शोला पोचते. पैजेची तयारी ठेवा हं."

"या ताई, बिलकुल या," कल्याण म्हणाला. अंगात नुसतं वारं भरलं. हातातली सुतळी कुठं बांधायची तेच सुचेना.

फोन खिशात ठेवतो न ठेवतो तोच भारतचा.

"काय भाऊ, अभिनंदन. सांगितलं न्हाईस बोर्ड लावून राह्यला म्हणून."

"कसला बोर्ड?"

"फाट्यावर. थांब, वाचून दाखवतो. 'हार्दिक अभिनंदन, हार्दिक अभिनंदन. कुंभार पिंपळगावच्या सौ. गोजरबाई रामराव यांची थ्री फेज या चित्रपटात खुनी म्हणून निवड झाल्याबद्दल…' " इथं भारतचा आवाज बसत गेला. "अरे, हे तर… मी न्हाई रे सांगितलं कुणाला. बेलभंडाराची आन."

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. निवड झाली की बोर्ड लागतो. तलाठी झाला, बोर्ड. सोसायटीचा चेअरमन झाला, बोर्ड. वाढदिवस तर कुणाचाही चालतो. पण आजवर या जिल्ह्यात खुनी म्हणून निवड झाल्याचा बोर्ड कुणी लावला नव्हता. तो मान कल्याणच्या घराण्याकडे आला.

कल्याणनं सुतळी तिथंच टाकली आणि मोटारसायकलला किक मारली. जालन्याहून वाटूर काही हाकेच्या अंतरावर नाही. पण पोरगं असं सुटलं, की उसाच्या ट्रॉल्या, काळीपिवळी, एसटी, एकेक मागं पडत गेली. हॉर्नवरचा अंगठा त्यानं एकदाही उचलला नाही. डोक्यात एकच हिशेब, ती आधी पोचते की मी. जीव मुठीत धरून पळत सुटल्यासारखी त्याची गत झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्या पळण्यात एक मजाही होती. लग्नाच्या वराती शूट करून करून दहा वर्षं ज्याचं रक्त थंड पडलं होतं, ते आता कानात वाजत होतं.

फाट्यावर पोचला तर बोर्ड दुरूनच दिसला. चहाच्या हॉटेलाला लागून, दोन बांबूंवर, माणसाच्या तिप्पट उंच. मधोमध हळदीकुंकवातल्या फोटोमधली गोजरबाई, डोक्यावर पदर, तोंडभर हसू. वर कोपऱ्यात गोलात रामराव, कानाला मोबाईल लावलेले. आणि खाली, खुर्ची टाकून, धुतलेलं धोतर आणि कडक टोपी घालून, हातात पेढ्यांचा खोका घेऊन साक्षात रामराव. येणाऱ्या-जाणाऱ्याचं अभिनंदन घेत बसलेले.

"अण्णा, हे कोणी लावलं?"

"मीच. दुसरं कोण लावीन? बराबर फाट्यावर लावलं. चारी रस्त्याची माणसं पाह्यतेत."

"अहो, खुनी कोण ते कळायलाच नको ना. त्याच्यासाठी तर लोक तिकीट काढतेत."

"का म्हून कळू नये? तिनं काय चोरी केली?"

"खून केला, अण्णा."

"मंग? एवढं मोठं काम तिला दिलं, आन् ते लपवून ठेवायचं?" रामरावांनी पेढा पुढं केला. "धर. तोंड गोड कर."

कल्याणनं पेढा घेतला नाही. हॉटेलवाल्याची शिडी ओढली, भारतच्या दुकानातून ब्लेड आणलं आणि चढला वर. खाली माणसं जमली. कुणी म्हणे, अरे, मायचा बोर्ड फाडून राह्यला. कुणी म्हणे, भावकीतलं भांडण असंल. कल्याणचं कुणाकडं लक्ष नव्हतं. सुतळी पक्की ओल्या गाठीची, सुटेना, म्हणून त्यानं सरळ फ्लेक्सवरच ब्लेड चालवलं. रामरावांचा गोल असलेला कोपरा कापला जाऊन लोंबायला लागला. दुसऱ्या कोपऱ्याकडं हात नेतो तोच खाली एक पांढरी गाडी थांबली.

डोक्यावर गॉगल सरकवून चिन्मयी उतरली. तिनं आधी बोर्ड वाचला. मग शिडीवरच्या माणसाकडं बघितलं. मग रामरावांकडं.

"पेढा घ्या ताई," रामराव म्हणाले. "आमच्या मंडळीनं खून केलाय."

"कुणाचा?"

"पुतण्याचा. सिनेमात. आन् वर चढलाय ना, तो आमचा कल्याण. त्यानंच काढलाय सिनेमा."

चिन्मयी कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली. कल्याणला वाटलं, शिडी मोडावी आणि आपल्याला धरणीनं पोटात घ्यावं. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "वा," ती म्हणाली. "चालू द्या तुमचं." तिनं मोबाईल काढून बोर्डाचा फोटो घेतला, शिडीवरल्या कल्याणचा घेतला, पेढा खाल्ला, उभ्याउभ्या चहा प्याली आणि गाडी निघून गेली.

कल्याण खाली उतरला. रागही होता आणि रडूही. "अण्णा," तो म्हणाला, "सिनेमा काढून राह्यलो तवा तुम्ही कधी ढुंकून पाह्यलं न्हाई. आन् आता ऐन टायमाला बुडवायला आले."

रामरावांनी खोक्याचं झाकण लावलं. इतका वेळ हसरा असलेला म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला. "तू जाय," ते म्हणाले. "तुला उशीर होईन. मी काढतो बोर्ड."

दुपारचा शो बऱ्यापैकी भरला होता. गावाहून दोन जीपा भरून माणसं आली होती, पहिल्या रांगेत मुडदा रामप्रसाद आपल्या आईशेजारी बसला होता. चिन्मयी मधल्या रांगेत. कल्याण सगळ्यात मागं, दाराला पाठ लावून उभा. पडद्यावर माय कपबशा मांडायला लागली की तो डोळे मिटून घ्यायचा. ज्या बाईकडं अर्धा सिनेमा कुणी बघायलाच नको, तिच्याकडंच आता ही परीक्षक टक लावून बघत असणार. पंधरा-वीस वेळा घेतलेले ते चहाचे सीन. एवढ्या मेहनतीनं लपवलेली म्हातारी, आणि तिच्या कपाळावर अण्णांनी लेबल लावून ठेवलेलं.

मध्यंतराचे दिवे लागले. चिन्मयी मोबाईल घेऊन पायऱ्यांवर गेली. कल्याण तिकिटाच्या खिडकीमागं जाऊन बसला. कान असून नसल्यासारखा. थोड्या वेळानं भारत धापा टाकत आला.

"कल्याण, ती वायरमन म्हणून राह्यली."

"काय?"

"खुनी वायरमन हाय म्हणती. मोबाईलमध्ये बराबर बोलली, मी मागंच व्हतो. म्हणती, 'मला फसवायला यांनी वाटूर फाट्यावर बोर्ड लावला. आन् मी येते म्हणून कळल्याबरोबर दिग्दर्शक स्वतः शिडीवर चढून बोर्ड काढायचं सोंग करून राह्यला. म्हणजे आजी न्हाईतच. ज्याला खुनी लपवायचा, तो काय बोर्डावर नाव लिव्हतो? असली हूल मी ओळखते.' "

आधी कल्याणला काही समजलंच नाही. मग समजलं, तेव्हा त्यानं भारतचा दंड असा दाबला की भारत कळवळला. खरं बोललं की कुणाला खरं वाटत नाही म्हणतात, ते असं. पण अजून अर्धा सिनेमा बाकी होता, आणि तिला मध्येच अक्कल आली असती तर सगळं ओमफस्स.

उत्तरार्धात कल्याणनं पडद्याकडं एकदाही बघितलं नाही. तो चिन्मयीच्या डोक्याची मागची बाजू बघत होता. वायरमन पडद्यावर आला की ती मान डोलवायची. वायरमन खांबावर चढला, ती पुढं सरकून बसली. वायरमनला पोलिसांनी पकडलं, तिनं हाताची घडी घातली आणि मागं रेलली. जिंकलेल्या माणसासारखी. मग वायरमन सुटला. त्या रात्री तो दुसऱ्याच गावात लाईट दुरुस्त करत होता, हे निघालं. चिन्मयीची घडी सुटली.

आणि मग तो ओटा आला. इन्स्पेक्टर झालेला भारत चहाचा कप तोंडाला लावतो आणि सहज म्हणून विचारतो, "आजी, त्या दिवशी लाईट आली तवा कोण जागं व्हतं?" माय किटली खाली ठेवते. पदर सावरते. कॅमेरा हलतो, हो, हलतोच, कारण त्या वेळी कल्याणचा हात खरंच थरथरला होता. "लाईट आली तवा तो जित्ता व्हता, साहेब," माय म्हणते. "मी बटन दाबलं तवा न्हाई. साखर अजून टाकू का?"

चिन्मयीच्या हातातली शेंगदाण्याची पुडी तिरकी होऊन सगळे दाणे खाली गेले, तिला पत्ता नाही. "अगं बाई," एवढंच ती बोलली, आणि ते मागं दारापर्यंत ऐकू आलं. कल्याणला वाटलं, आपण आता मेलो तरी चालेल, पण मरायला वेळ कुणाला होता. जीपेतून आलेल्या गावकऱ्यांनी अशी शिट्टी मारली की टॉकीजची पाखरं उडाली.

चिन्मयी बाहेर आली ती मोबाईल चालू करूनच. पायऱ्यांवर गर्दी जमली. "मी हरले," ती मोबाईलमध्ये बघून म्हणाली. "सरळ हरले. कॅमेरा हलतो, पोलिसांच्या पॅन्ट आखूड-ढगळ आहेत, सगळं मान्य. पण खुन्याचं नाव चौकात लिहून ठेवलं आणि तरी मला ओळखता आलं नाही. आजी प्रत्येक सीनमध्ये माझ्यासमोर होत्या हो. असलं धाडस मी आजवर पाहिलेलं नाही. हा सिनेमा पुण्यात लागलाच पाहिजे." मग तिनं मोबाईल कल्याणकडं वळवला. "सांगा दिग्दर्शक, ही बोर्डाची कल्पना कशी सुचली?"

कल्याणनं तोंड उघडलं. 'माझी' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. कुणाला कळणार होतं? भारतनं तर मान डोलवायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात गर्दीच्या मागं त्याला टोपी दिसली. रामराव बाल्कनीत बसून सिनेमा बघून नुकतेच बाहेर येत होते, शेजारी गोजरबाई, आणि रामरावांच्या काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. एसटीनं आले असणार.

"माझी न्हाई ताई," कल्याण म्हणाला. "अण्णांची."

माणसांनी वाट दिली. चिन्मयीनं मोबाईल रामरावांसमोर धरला. "काका, इतकी भन्नाट युक्ती?"

"युक्ती कशाची ताई?" रामराव गोंधळून म्हणाले. "खरं व्हतं ते लिव्हलं."

"पण तुम्हाला कळलं कसं, खुनी त्याच म्हणून?"

गोजरबाईंनी पदर दातात धरला. "मी बेलभंडार उचलल्ता, बाहेर सांगायचं न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. "बाहेर न्हाईच सांगितलं. घरात सांगितलं. मला वाचता येत न्हाई, पाठ कोण करून घेणार? ह्यांनीच रोज दिवेलागणीला पाठ घेतला माझा. इन्स्पेक्टर हेच व्हायचे."

कल्याणनं मान वर केली. "अण्णा?"

"मंग काय," रामराव म्हणाले. "ती चुकली असती तर तुझं नाव गेलं असतं." आणि भर गर्दीत त्यांनी खाकरून घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि गोजरबाईंकडं वळले. "आजी, त्या दिवशी लाईट आली तवा कोण जागं व्हतं?"

"लाईट आली तवा तो जित्ता व्हता, साहेब," गोजरबाई म्हणाल्या, टॉकीजच्या पायऱ्यांवर, भर उन्हात, पण अगदी पडद्यावरच्यासारखं. माय पडद्यावर जिच्याकडं बघून बोलली होती ती जागा कुठली, ते कल्याणला आत्ता समजलं. भारतकडं बघून ती बोललीच नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं घरातला इन्स्पेक्टर होता.

रामराव मात्र भारतवर नाराज होते. "तुझ्या पोलिसानं 'खरं सांगा' म्हणायचं सोडून दिलं," ते कल्याणला म्हणाले. "कागदावर व्हतं. मी रोज म्हणायचो."

चिन्मयी हसत हसत डोळे पुसत होती. "बोर्ड उघडा काका," ती म्हणाली. "बोर्डासमोर तुमचा सगळ्यांचा फोटो घेते. हाच फोटो लावणार मी."

रामरावांनी काखेतला फ्लेक्स सोडला. एक बाजू रामप्रसादनं धरली, एक भारतनं. मधोमध माय हसत होती. पण वरचा कोपरा कापलेला, लोंबत होता, आणि त्याच्यासोबत कानाला मोबाईल लावलेले अण्णाही मान टाकून लोंबत होते. रामरावांनी तो हळूच मागं दडपायला घेतला. "राहू दे," ते पुटपुटले. "माझं काय काम तिथं."

कल्याणनं त्यांच्या हातातून कोपरा घेतला. पायरीवर एक पाय देऊन वर चढला आणि अण्णांचा गोल जिथल्या तिथं बसवून दोन्ही हातांनी धरला.

"अजून थोडा वर," चिन्मयी म्हणाली.

त्यानं हात अजून वर केले, आणि फोटो होईपर्यंत तसाच उभा राहिला.